सर्पविषातील पेप्टाइडे आणि पांढऱ्या रक्तपेशींचे वर्तन

प्रश्न असा आहे की, सापाच्या विषातील पेप्टाइडांचा (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचा) पांढऱ्या रक्तपेशींच्या वागण्यावर नेमका कोणता परिणाम होतो. ती या पेशींना मारतात, शांत करतात की चेतवतात. आणि प्रयोगशाळेत दिसणाऱ्या अशा परिणामांतून पुढे औषध घडू शकते का. विषाचे घटक वेगळे करून ते पेशींवर तपासण्याचे काम मी करत आलो आहे, त्यामुळे हे उत्तर काहीसे सविस्तर देत आहे.

आधी निष्कर्ष सांगतो. ‘सर्पविषाने प्रतिकारशक्ती वाढते’ किंवा ‘सर्पविषाने प्रतिकारशक्ती खचते’ ही दोन्ही विधाने अशा सरसकट रूपात चुकीची आहेत. एकाच विषात पेशीला चिकटण्यापासून रोखणारे, तिला बोलावून आणणारे, तिची भक्षणक्षमता कमी करणारे आणि तिचे आवरणच फोडणारे असे सगळे घटक एकत्र असतात. कोणते पेप्टाइड, कोणत्या पेशीवरील कोणत्या ग्राहीला (ठरावीक रेणू धरून पेशीला संदेश देणाऱ्या रचनेला), किती प्रमाणात आणि त्या पेशीच्या कोणत्या अवस्थेत भेटते, यावर परिणाम ठरतो. त्यातही मारण्यापेक्षा वागणूक बदलण्याचा परिणाम अधिक सूक्ष्म, अधिक विश्वासार्ह आणि अभ्यासाला अधिक मोलाचा आहे, असे माझे मत आहे.

विषातील सगळीच प्रथिने पेप्टाइडे नसतात, हा भेद सुरुवातीलाच स्पष्ट केलेला बरा. घोणस, फुरसे यांच्या कुळातील सापांच्या विषात धातुयुक्त प्रथिनभंजक एन्झाइमे, सेरीन प्रोटीएझे, फॉस्फोलायपेझ ए-२ (मेद तोडणारे एन्झाइम) आणि एल-अमिनो आम्ल ऑक्सिडेझ अशी मोठी प्रथिने भरपूर असतात. त्यांच्या जोडीला डिसइंटिग्रिने (यांविषयी पुढे सविस्तर) आणि ५ ते १४ अमिनो आम्लांची, ब्रॅडिकायनिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या पेप्टाइडाचा परिणाम वाढवणारी छोटी पेप्टाइडेही असतात. नाग आणि मण्यार यांच्या कुळात तीन बोटांसारखी घडी असलेली, साधारण ६० ते ७५ अमिनो आम्लांची विषद्रव्ये प्रमुख असतात. लेखनात या सर्वांना सरसकट ‘विष-पेप्टाइड’ म्हणण्याची सवय आहे आणि त्यातून बराच गोंधळ होतो, कारण एन्झाइम आपल्या क्रियेतून पेशीभोवतीचे वातावरणच बदलते, तर खरे पेप्टाइड बहुधा ग्राहीला जाऊन बसते किंवा पेशीच्या पटलावर काम करते.

पांढऱ्या पेशींच्या बाजूने पाहिले तर सर्वात महत्त्वाची बाब म्हणजे त्यांचा रक्तातून ऊतीत जाण्याचा मार्ग. दाह सुरू झालेल्या जागी रक्तवाहिनीच्या आतील अस्तरावर सिलेक्टिन नावाचे रेणू उभे राहतात आणि त्यांच्या आधाराने पांढरी पेशी प्रवाहात घरंगळू लागते. अस्तरावरील केमोकाइन, म्हणजे पेशींना बोलावणारे संदेशरेणू, तिला सावध करतात. मग तिच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिने, म्हणजे चिकटण्यासाठीचे ग्राही, आपला आकार बदलून अस्तराला घट्ट धरतात आणि पेशी दोन अस्तरपेशींमधून बाहेर सरकते. न्यूट्रोफिल, म्हणजे दाहाच्या जागी सर्वात आधी धावणाऱ्या पांढऱ्या पेशी, यासाठी मुख्यतः बीटा-२ गटातील एलएफए-१ आणि मॅक-१ ही इंटिग्रिने वापरतात. लिम्फोसाइट, मोनोसाइट आणि इओसिनोफिल या इतर पांढऱ्या पेशींकडे त्याशिवाय अल्फा-४-बीटा-१ हे इंटिग्रिन असते आणि ते अस्तरावरील व्हीकॅम-१ या रेणूला धरते. विषातील पेप्टाइडांना या साखळीत शिरकाव मिळतो तो प्रामुख्याने इंटिग्रिनांच्या पायरीवर.

डिसइंटिग्रिने हा या विषयाचा गाभा आहे. ती साधारण ४० ते १०० अमिनो आम्लांची, सिस्टीनने समृद्ध आणि अनेक डायसल्फाइड बंधांनी घट्ट बांधलेली पेप्टाइडे आहेत. बहुतेक वेळा ती धातुयुक्त प्रथिनभंजकाच्या मोठ्या पूर्वरेणूतून कापली जाऊन मोकळी होतात. त्यांच्या एका बाहेर आलेल्या फासावर तीन अमिनो आम्लांचा एक क्रम असतो आणि रेणू कोणत्या इंटिग्रिनला धरेल हे मुख्यतः तोच क्रम ठरवतो. आर्जिनीन, ग्लायसीन आणि ॲस्पार्टिक आम्ल असा क्रम असेल तर तो रेणू प्लेटलेटवरील अल्फा-२बी-बीटा-३, तसेच अल्फा-व्ही-बीटा-३ आणि अल्फा-५-बीटा-१ यांना धरतो. फुरशाच्या विषातील ४९ अमिनो आम्लांचे एकिस्टॅटिन हे त्याचे परिचित उदाहरण. लायसीन, थ्रिओनीन आणि सेरीन असा क्रम असलेले ऑब्टुस्टॅटिन ४१ अमिनो आम्लांचे असून ते अल्फा-१-बीटा-१ अडवते. पांढऱ्या पेशींच्या दृष्टीने मात्र मेथिओनीन, ल्यूसीन आणि ॲस्पार्टिक आम्ल हा क्रम सर्वात महत्त्वाचा, कारण तो अल्फा-४ गटातील इंटिग्रिने आणि अल्फा-९-बीटा-१ यांच्याकडे वळतो.

फुरशाच्या विषातून मिळालेले ईसी-३ हे दोन भिन्न उपघटकांचे डिसइंटिग्रिन या क्रमामुळेच वेगळे ठरले. त्याच्या एका उपघटकावर हा क्रम आहे. ते लिम्फोसाइटना व्हीकॅम-१ ला चिकटू देत नाही. आणि स्वतःहून मधुमेह होणाऱ्या उंदरांच्या एका जातीत ते दिल्यावर स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बेटांमध्ये आणि लालाग्रंथींमध्ये लिम्फोसाइटांची घुसखोरी कमी झाली. हे काम मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण इथे पेशी मेली नाही, तिची संख्या घटली असे नाही, तिच्या जवळची शस्त्रेही काढून घेतली गेली नाहीत. ती पोहोचायची तिथे पोहोचली नाही, एवढेच झाले. वर्तनावरील परिणाम म्हणतात तो हा.

आता याच कुटुंबाची दुसरी बाजू पाहू. ग्राहीला जाऊन बसणारा रेणू त्याला केवळ अडवतो, असे गृहीत धरणे सोपे आहे, पण इंटिग्रिनच्या बाबतीत ते खरे नाही. इंटिग्रिन ही पेशीच्या बाहेरील बातमी आत पोहोचवणारी रचना आहे, आणि डिसइंटिग्रिन तिथे बसले की कधी कधी पेशी त्याला खरा आधार मिळाल्याची खूण समजते. दक्षिण अमेरिकेतील जराराका या सापाच्या विषातील जरास्टॅटिनबाबत नेमके हेच आढळले. हे डिसइंटिग्रिन न्यूट्रोफिलना स्वतःकडे ओढते, पेशीतील संदेशवाहक किनेझे जागी करते आणि पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिनची फेरजुळणी घडवते. पण त्याच न्यूट्रोफिलांना आधी त्याचा स्पर्श घडवून मग जिवाणूजन्य फॉर्मिल पेप्टाइडाच्या दिशेने जाऊ दिले तर त्यांची हालचाल मंदावते. म्हणजे तोच रेणू एका प्रयोगात आवाहक आणि दुसऱ्यात प्रतिबंधक ठरतो. दोन्ही निष्कर्ष बरोबर आहेत, फक्त प्रयोगातील प्रश्न निराळे आहेत. एखाद्या शोधनिबंधात ‘हे पेप्टाइड न्यूट्रोफिलांची हालचाल रोखते’ असे वाक्य दिसले, तर पेप्टाइड दोन कप्प्यांच्या प्रयोगकक्षाच्या कोणत्या बाजूला ठेवले होते आणि पेशींना ते कधी दिले होते, हे वाचल्याशिवाय त्या वाक्यावर विसंबू नये.

अल्फा-९-बीटा-१ ची गोष्ट याहून पुढची आहे. न्यूट्रोफिल अल्पायुषी असतात. रक्तातून काढून ठेवलेले न्यूट्रोफिल साधारण दिवसभरात आपणहून नियोजित मृत्यूकडे जातात, आणि दाह शमण्यासाठी त्यांचे वेळेवर मरणे आवश्यकही असते. लेव्हंटाइन घोणशीच्या विषातील व्हीएलओ-५ हे डिसइंटिग्रिन न्यूट्रोफिलवरील याच इंटिग्रिनला धरते आणि तो मृत्यू लांबवते. त्यात पेशीला जगवणाऱ्या बीसीएल-२ कुटुंबातील प्रथिनांचा सहभाग दिसला आहे. विषाचा घटक पांढऱ्या पेशीचे आयुष्य वाढवतो, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. तथापि ऊतीच्या दृष्टीने ती हितकारक असेलच असे नाही, कारण जास्त वेळ जगणारा न्यूट्रोफिल आपल्या कणिकांतील एन्झाइमे आणि ऑक्सिजनची तीव्र संयुगेही जास्त वेळ सोडत राहतो.

मॅक्रोफेजकडे, म्हणजे ऊतींत जंतू आणि कण गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीकडे, वळल्यावर चित्र अधिकच बारकाव्याचे होते. दक्षिण अमेरिकेतील रॅटलस्नेकच्या विषातील क्रोटॉक्सिन हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ब्राझीलमधील बुतांतान संस्थेत १९३८ साली ते शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले गेले. हे एकसंध पेप्टाइड नाही. फॉस्फोलायपेझ ए-२ असलेला एक आम्लारिधर्मी घटक आणि डायसल्फाइड बंधांनी जोडलेल्या तीन पेप्टाइड-साखळ्यांचा, स्वतः निष्क्रिय असलेला एक आम्लधर्मी घटक, अशी ती जोडी आहे. क्रोटॉक्सिनच्या स्पर्शाने मॅक्रोफेज पृष्ठभागावर नेहमीसारखा पसरत नाही आणि कण गिळण्याची त्याची क्षमता घटते. पेशी जिवंत असते; ॲक्टिनच्या धाग्यांची जी पुनर्रचना गिळण्यासाठी लागते ती नीट होत नाही. याच वेळी त्या मॅक्रोफेजकडून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड यांची निर्मिती वाढलेली दिसते. एकच पेशी एका निकषावर ‘दबलेली’ आणि दुसऱ्यावर ‘चेतलेली’ असू शकते, हे यातून स्पष्ट होते, आणि म्हणून ‘क्रोटॉक्सिन प्रतिकारशक्ती दडपते’ असे एका ओळीत लिहिणे अपुरे आहे.

या परिणामामागील यंत्रणा शोधताना लायपॉक्सिन ए-४ या दाहशामक मेदजन्य रेणूकडे आणि फॉर्मिल पेप्टाइड ग्राहींकडे लक्ष गेले. हे ग्राही रसायनांनी अडवले की क्रोटॉक्सिनचे बरेच परिणाम पुसले जातात. म्हणजे विषद्रव्य पेशीच्या स्वतःच्या दाह आवरण्याच्या यंत्रणेचाच वापर करून घेते. या सापाच्या दंशानंतर जागेवरची सूज तुलनेने कमी असते आणि मज्जासंस्था व स्नायूंवरील परिणाम जास्त असतो, हे वैद्यकीय निरीक्षण क्रोटॉक्सिनच्या या गुणाशी जुळते. पण त्या विषात रक्तस्राव घडवणारी धातुयुक्त प्रथिनभंजके कमी असणे हेही सूज कमी असण्याचे तितकेच सबळ कारण आहे, आणि ते विसरता कामा नये.

याच्या अगदी उलट वागणारे रेणू बोथ्रोप्स ॲस्पर या सापाच्या विषात सापडतात. त्यातील स्नायुनाशक फॉस्फोलायपेझे मॅक्रोफेजना भक्षणासाठी उद्युक्त करतात, सुपरऑक्साइडची निर्मिती वाढवतात, आणि पेशीत मेदाचे थेंब साठवून प्रोस्टाग्लँडिन हे दाहकारक रेणू बनवण्याची तयारी करतात. यातील एका गटात ४९ व्या स्थानावर ॲस्पार्टिक आम्लाऐवजी लायसीन आहे, त्यामुळे एन्झाइम म्हणून तो रेणू जवळजवळ मृत असतो. तरीही परिणाम होतो. याचा अर्थ रेणूच्या पृष्ठभागावरील एखादा तुकडाच काम करत असला पाहिजे, आणि त्याच्या शेवटाकडील १३ अमिनो आम्लांचे कृत्रिम पेप्टाइड बनवल्यावर त्यात जिवाणू मारण्याची आणि जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिनला धरण्याची क्षमता आढळली. माझ्या मते पेप्टाइडांच्या अभ्यासातील हा सर्वात फलदायी मार्ग आहे: मोठ्या विषारी रेणूतून काम करणारा तुकडा ओळखायचा, तो स्वतंत्रपणे बनवायचा, आणि मग त्याला पेशीसमोर ठेवायचे.

नागाच्या विषातील सायटोटॉक्सिने, ज्यांना कार्डिओटॉक्सिन असेही म्हणतात, साधारण ६० अमिनो आम्लांची असतात आणि पेशीच्या मेदयुक्त पटलात शिरून ते फोडतात. ल्युकेमियाच्या पेशी यांनी मरतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे आणि त्याचे मोठे मथळेही होतात. इथे मला स्पष्ट बोलावेसे वाटते. काचपात्रातील पेशी मरणे ही कर्करोगावरील उपचाराची पहिली पायरीसुद्धा नाही, जोपर्यंत त्याच मात्रेत निरोगी लिम्फोसाइट, तांबड्या पेशी आणि हृदयाच्या पेशी जगतात हे दाखवले जात नाही. पटल फोडणारे पेप्टाइड पेशी निवडत असेल तर ती निवड प्रामुख्याने पटलावरील ऋणभारित मेद आणि शर्करा यांवर अवलंबून असते. ती निवड कधीच पूर्ण नसते. ‘सापाच्या विषाने रक्ताचा कर्करोग बरा होतो’ अशा दाव्यावर विसंबून कोणी उपचार थांबवले किंवा बाजारातील विषयुक्त द्रव्य घेतले, तर त्याचे नुकसान खरे आणि तात्काळ असते.

तीन बोटांच्या घडीतील दुसरा गट मज्जासंस्थेवर काम करणारा आहे. मण्यार कुळातील एका सापाच्या विषातील अल्फा-बंगारोटॉक्सिन हे ७४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड ॲसिटिलकोलीनच्या निकोटिनी ग्राहींना अत्यंत घट्ट धरते. त्याचा पांढऱ्या पेशींशी काय संबंध, असे कोणी विचारेल. मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर या ग्राहींचा अल्फा-७ प्रकार असतो, आणि २००३ साली तो दाखवताना चमकणारा रंग जोडलेले अल्फा-बंगारोटॉक्सिनच खूण म्हणून वापरले गेले. ॲसिटिलकोलीन किंवा निकोटिन त्या ग्राहीवर बसले की मॅक्रोफेज टीएनएफ हा दाहकारक रेणू कमी सोडतो. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू दाहावर लगाम ठेवतो तो काही अंशी याच मार्गाने. विष-पेप्टाइड नसते तर ही ओळख पटायला बराच अधिक काळ लागला असता. मात्र हे पेप्टाइड ग्राहीला अडवणारे आहे, जागे करणारे नाही, त्यामुळे त्याच्याकडून दाहशामक परिणामाची अपेक्षा ठेवताना ही दिशा ध्यानात ठेवावी.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. टी-लिम्फोसाइटवरील केव्ही-१.३ ही पोटॅशियम वाहिनी बंद करून स्वप्रतिकार रोगांवर उपचार करण्याचे प्रयत्न गाजले, पण त्यांतील पेप्टाइडे विंचू आणि समुद्रफूल यांची आहेत. समुद्रफुलाच्या ३५ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडापासून बनवलेला रेणू मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचला. मांबा सापाच्या विषातील डेंड्रोटॉक्सिने पोटॅशियम वाहिन्याच अडवतात, परंतु त्यांचा मुख्य ओढा मज्जापेशींतील केव्ही-१.१ आणि केव्ही-१.२ यांच्याकडे असतो. या यशाचे श्रेय सापाच्या विषाला देणारे लेखन चुकीचे आहे.

कॅथेलिसिडिने या जिवाणूनाशक पेप्टाइडांविषयी थोडक्यात सांगतो. माणसाच्या न्यूट्रोफिलांत ३७ अमिनो आम्लांचे एलएल-३७ हे असे पेप्टाइड असते आणि ते जिवाणू मारण्याबरोबर इतर पांढऱ्या पेशींना बोलावण्याचेही काम करते. सापांतही त्याचे नातलग आहेत; पट्टेरी मण्यारीपासून ३० अमिनो आम्लांचे, तसेच नागराजापासूनही असे पेप्टाइड मिळाले आहे. पट्टेरी मण्यारीचे पेप्टाइड मुरुमांशी संबंधित जिवाणूंना मारते आणि त्या जिवाणूंनी चेतवलेल्या मोनोसाइटांकडून येणारे दाहकारक रेणूही कमी करते. ही खरे तर विषद्रव्ये नाहीत, प्राण्याच्या स्वसंरक्षणाची द्रव्ये आहेत.

आतापर्यंतचे सर्व शुद्ध घटकांविषयी झाले. प्रत्यक्ष दंशात मात्र पांढऱ्या पेशींना पेप्टाइडाइतकाच, बहुधा त्याहून मोठा, संदेश मोडलेल्या ऊतीकडून मिळतो. स्नायूपेशी फुटल्या की एटीपी, पोटॅशियम आणि मायटोकाँड्रियातील घटक बाहेर येतात. प्रथिनभंजके भोवतालच्या कोलॅजनयुक्त जाळीचे तुकडे करतात. आणि हे तुकडेच न्यूट्रोफिल व मोनोसाइट यांना धोक्याची खूण वाटतात. नागाच्या विषातील कोब्रा व्हेनम फॅक्टर हे सुमारे दीड लाख डाल्टनचे मोठे प्रथिन तर आपल्याच पूरक प्रणालीतील (रक्तातील संरक्षक प्रथिनांच्या साखळीतील) सी-३बी या घटकाचे सोंग घेते, त्या साखळीतील प्रथिने कापणारे अनियंत्रित रूपांतरक एन्झाइम तयार करते आणि सी-३ए, सी-५ए हे तुकडे झपाट्याने निर्माण करते. सी-५ए न्यूट्रोफिलांना प्रबळपणे ओढणारा आहे. प्राण्यांच्या रक्तात हे प्रथिन थेट सोडल्यावर न्यूट्रोफिल फुप्फुसांच्या सूक्ष्मवाहिन्यांत गोळा होतात आणि तेथे इजा होते. दंशानंतरच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, वाढलेले दिसतात ते या सगळ्याचा एकत्रित परिणाम म्हणून. त्यातही भीती आणि वेदनेने वाढलेले ॲड्रेनलिन रक्तवाहिन्यांच्या कडेला थांबलेल्या न्यूट्रोफिलांना मुख्य प्रवाहात आणते, हा वाटा विषाच्या थेट परिणामाहून वेगळा मोजला पाहिजे.

न्यूट्रोफिल आपला डीएनए बाहेर फेकून जाळे विणतात, त्याबाबतचा वादही इथे सांगणे आवश्यक आहे. म्हैसूर विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली असे मांडले की फुरशाच्या विषाने ही जाळी तयार होतात, ती रक्तवाहिन्या तुंबवतात आणि विष दंशाच्या जागीच अडकून तेथील ऊती सडतात. उंदरांत डीएनए तोडणारे एन्झाइम दिल्यावर नुकसान कमी झाले. दोन वर्षांनी त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने न्यूट्रोफिलांचा अभाव असलेल्या उंदरांवरील प्रयोग मांडून, न्यूट्रोफिल हे नुकसान वाढवत नाहीत, असा उलट निष्कर्ष काढला. माझा कल असा आहे की ऊतीनाशाचा मूळ कर्ता प्रथिनभंजक एन्झाइमे आहेत आणि न्यूट्रोफिलांचा वाटा मात्रेनुसार व जागेनुसार बदलतो. पण डीएनए तोडण्याचा उपाय तपासण्याजोगा आहे यात शंका नाही.

पांढऱ्या पेशींच्या नातलग असलेल्या, ॲलर्जीत सहभागी होणाऱ्या मास्ट पेशी या गोष्टीत निराळी भूमिका बजावतात. ॲट्रॅक्टॅस्पिस या सापाचे साराफोटॉक्सिन हे २१ अमिनो आम्लांचे पेप्टाइड आपल्या शरीरातील एंडोथेलिन या रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या पेप्टाइडाशी इतके मिळतेजुळते आहे की ते त्याच्याच ग्राहींवर बसून हृदयाच्या वाहिन्या आकुंचित करते. उंदरांत या पेप्टाइडाने चेतलेल्या मास्ट पेशी कार्बॉक्सिपेप्टिडेझ ए हे एन्झाइम सोडतात. ते पेप्टाइडाच्या टोकाचे ट्रिप्टोफॅन कापते आणि विष निकामी होते. पुढे घोणशीच्या विषाबाबत, आधीच्या सौम्य संपर्कातून तयार झालेली आयजीई (ॲलर्जीशी निगडित) प्रतिपिंडे उंदरांना काही प्रमाणात वाचवू शकतात, असेही दाखवले गेले. पेशी विषावर प्रतिसाद देते तेव्हा तो नेहमी विषाच्या फायद्याचाच असतो असे नाही. अर्थात, यावरून कोणी स्वतःवर विषाचे छोटे डोस टोचून घेण्याचा विचार करू नये. तीच आयजीई माणसात प्राणघातक ॲलर्जीही घडवू शकते.

जे स्वतः प्रयोग करणार आहेत त्यांच्यासाठी काही सूचना, कारण या क्षेत्रातील पुष्कळसे परस्परविरोधी निष्कर्ष पेशींमुळे नव्हे तर नमुन्यातील अशुद्धीमुळे निर्माण होतात. पहिली आणि सर्वात मोठी अडचण एंडोटॉक्सिनची. मॅक्रोफेज आणि मोनोसाइट मिलिलिटरमागे एका नॅनोग्रॅमहून कमी एंडोटॉक्सिनलाही प्रतिसाद देतात, आणि विष काढताना, वाळवताना किंवा जिवाणूंमध्ये पेप्टाइड बनवताना ते सहज मिसळते. पेप्टाइडाने टीएनएफ वाढला असे म्हणण्यापूर्वी एंडोटॉक्सिनची मोजणी आणि एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन बी घातलेला तुलनात्मक नमुना, दोन्ही हवेत. मात्र पेप्टाइड स्वतःच एंडोटॉक्सिनला धरणारे असेल तर मोजणी फसवी ठरू शकते, म्हणून ज्यांत एंडोटॉक्सिनचा ग्राहीच नाही अशा पेशींवरही तपासून पाहावे.

दुसरी अडचण एल-अमिनो आम्ल ऑक्सिडेझची. हे एन्झाइम पेशींच्या पोषक द्रवातील अमिनो आम्लांपासून सतत हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते आणि पेशी त्यानेच मरतात. नमुन्याला पिवळसर छटा असेल तर संशय घ्यावा. हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारे कॅटालेझ हे एन्झाइम घातल्यावर मृत्यू थांबत असेल तर मारणारे आपले पेप्टाइड नव्हे. तिसरी अडचण फॉस्फोलायपेझची. सायटोटॉक्सिनच्या नमुन्यात त्याचा अंश जरी राहिला तरी दोघांचा एकत्रित परिणाम बेरजेहून कितीतरी मोठा होतो, आणि जुन्या कामातील काही दावे याच कारणाने आज संशयाने वाचावे लागतात.

डिसइंटिग्रिनांच्या बाबतीत एक वेगळीच फसगत होते. पृष्ठभागाला चिकटून राहणाऱ्या पेशी इंटिग्रिन अडल्यामुळे सुटतात, धुण्याच्या पायरीत वाहून जातात, आणि उरलेल्या पेशी मोजल्यावर त्या मेल्या असे वाटते. तरंगत्या पेशी गोळा करून त्यांचे पटल शाबूत आहे का, हे स्वतंत्रपणे पाहिल्याशिवाय मृत्यूचा निष्कर्ष काढू नये. पोषक द्रवात घातलेल्या रक्तद्रव्यातील फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही पेशींना आधार देणारी प्रथिनेही त्याच इंटिग्रिनांसाठी स्पर्धा करतात, त्यामुळे रक्तद्रव्यासह आणि त्याशिवाय मिळालेले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. तुलनेसाठी, ज्याचे डायसल्फाइड बंध तोडून पुन्हा जुळणार नाहीत असे केले आहे ते तेच पेप्टाइड वापरावे. घडी मोडल्यावरही परिणाम राहिला तर तो ग्राहीमुळे नसण्याची शक्यता मोठी. आणि न्यूट्रोफिलबाबत तर ते रक्तातून काढण्याची क्रियाच त्यांना अर्धवट चेतवते, म्हणून काहीही न दिलेला नमुना सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा तपासावा.

औषधाच्या प्रश्नाकडे शेवटी येतो. विषातील पेप्टाइडापासून औषध होते हे सिद्ध झालेले आहे: ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणाऱ्या पेप्टाइडांच्या अभ्यासातून रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल घडले आणि बारबोरिन या डिसइंटिग्रिनच्या धर्तीवर सात घटकांचे वलयाकार एप्टिफिबाटाइड तयार होऊन १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले. परंतु एप्टिफिबाटाइड प्लेटलेटवर काम करते, आणि ते सुरक्षितपणे वापरता येते याचे एक मोठे कारण म्हणजे त्याचे लक्ष्य जवळजवळ केवळ प्लेटलेटवरच असते. पांढऱ्या पेशींवरील अल्फा-४ इंटिग्रिन अडवण्याची कल्पना वैद्यकात यशस्वी झाली ती नॅटालिझुमॅब या प्रतिपिंडाद्वारे, सर्पविषातून नव्हे. बहुविध काठिण्य (मल्टिपल स्क्लेरोसिस) या मज्जाविकारात ते २००४ साली मान्य झाले, मेंदूच्या एका घातक विषाणुजन्य गुंतागुंतीमुळे २००५ मध्ये मागे घेतले गेले आणि २००६ मध्ये कडक देखरेखीसह परत आले. लिम्फोसाइटांना मेंदूत जाण्यापासून रोखले की तेथील विषाणूवरचा पहाराही उठतो. ईसी-३ सारख्या डिसइंटिग्रिनाचा विचार करताना हाच धोका त्याच्याबाबतही गृहीत धरावा लागतो, शिवाय परके प्रथिन असल्याने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याचा आणि मूत्रपिंडातून ते लवकर निघून जाण्याचा प्रश्न वेगळाच.

या अडचणी असूनही मला आशा वाटते ती लहान, वलयाकार, कृत्रिम पेप्टाइडांबाबत. आर्जिनीन, ग्लायसीन आणि ॲस्पार्टिक आम्लाचे सरळ छोटे पेप्टाइड इंटिग्रिनला धरते, पण त्यासाठी डिसइंटिग्रिनपेक्षा शेकडो पट अधिक मात्रा लागते. म्हणजे ताकद केवळ त्या तीन अमिनो आम्लांत नसून फासाच्या आकारात आणि शेजारच्या अमिनो आम्लांत आहे. मेथिओनीन, ल्यूसीन आणि ॲस्पार्टिक आम्लाच्या क्रमाभोवतीचा तसा आकार छोट्या वलयात टिकवता आला, आणि ते वलय अल्फा-४-बीटा-१ आणि अल्फा-९-बीटा-१ यांच्यात भेद करू शकले, तर लिम्फोसाइटांचा मार्ग काही तासांपुरताच अडवणे आणि गरज संपताच तो मोकळा करणे शक्य होईल. प्रतिपिंडाचा परिणाम आठवडेच्या आठवडे टिकतो. लवकर निघून जाणे, जे आज दोष म्हणून मोजले जाते, ते इथे उपयोगी पडू शकते. या दिशेने काम करू इच्छिणाऱ्याने सुरुवात नव्या विषाच्या शोधाने करू नये. ज्ञात फासांचे कृत्रिम नमुने घेऊन, वाहत्या प्रवाहात, ताज्या मानवी लिम्फोसाइटांवर आणि न्यूट्रोफिलांवर ते एकाच दिवशी शेजारीशेजारी तपासावेत, असे मी सुचवेन.